काही विशेष नाही

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तो तिसऱ्यांदा आला होता. पन्नाशीच्या जवळचा, मोजकं बोलणारा. समुपदेशनाला यायचं कारणही त्याचं नव्हतं, बायकोचं होतं. "तुम्ही घरात असता, पण सापडत नाही," असं ती म्हणायची. आधीच्या दोन सत्रांनंतर मी वहीत लिहून मोकळी झाले होते: 'बालपण – काही विशेष नाही.'

त्या दिवशी मी त्याला लहानपणच्या आईबरोबरच्या नात्यासाठी पाच विशेषणं मागितली आणि प्रत्येकासाठी एक आठवण. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात प्रौढांसाठी, लहानपणच्या नात्यांविषयी मुलाखत तयार केली, तिच्यातला हा भाग. विशेषणं कुणीही देतं. अडतं ते आठवणींपाशी.

"प्रेमळ, कष्टाळू, शांत, शिस्तीची, चांगली."

"प्रेमळ म्हणालात. एखादा प्रसंग?"

बराच वेळ गेला. "आई असतेच ना प्रेमळ. काही विशेष नाही आठवत."

बाकीच्या चारांचंही तेच. मग, घरचा गमतीदार किस्सा सांगावा तसं त्याने सांगितलं. तो दीड वर्षाचा असताना आई आजारपणामुळे चार महिने दूर होती. "परत आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलंही नाही म्हणे. खेळत बसलो. सगळे म्हणायचे, किती शहाणं पोर, रडलंसुद्धा नाही!"

तो हसला आणि त्याच्या मनगटावरचं स्मार्ट घड्याळ थरथरलं. बसून असताना हृदयाचे ठोके मिनिटाला १२०च्या वर, तेही दहा मिनिटांपासून.

"बिघडलंय वाटतं," तो म्हणाला.

एका घड्याळावरून निदान करायचं नसतं. कदाचित खरंच बिघडलं असेल. पण माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी पुस्तकात वाचलं होतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थच्या प्रसिद्ध प्रयोगात साधारण वर्षभराच्या बाळाला सोडून आई दोनदा खोलीबाहेर जाते. बाळ किती रडतं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, हे महत्त्वाचं. काही बाळं तिच्याकडे बघतच नाहीत, खेळण्यात गुंतल्यासारखी दिसतात. १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांबद्दल लिहिलं: चेहरा शांत, ठोके मात्र वाढलेले. जवळ गेल्यावर दूर लोटलं जाण्याचा अनुभव असेल, तर बाळ मागणंच दाबून टाकायला शिकतं. गरज काही संपत नाही.

आणि मी? माझ्यासमोरच्या शांत माणसाला मीही 'शहाणं पोर' ठरवून मोकळी झाले होते.

यातलं त्याला काही सांगितलं नाही. दीड वर्षाच्या वयात सगळं ठरून जातं, असं मी मानतही नाही. मुलांचा जन्माआधीपासून पाठपुरावा करणाऱ्या अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या दीर्घ अभ्यासातही सुरुवातीच्या नात्याचा ठसा दिसला, तसेच पुढच्या नात्यांमुळे झालेले बदलही. मी एवढंच विचारलं, "तुम्ही खेळत होतात, तेव्हा आई काय करत होती?"

तो थांबला. घड्याळाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.

"ते कुणी सांगितलंच नाही. मीही कधी विचारलं नाही." मग हळूच, "ब्याऐंशीची आहे ती. विचारू का?"

"विचारा."

दारापाशी पोचल्यावर त्याने खिशातून फोन काढला, क्षणभर बघितला आणि परत ठेवून दिला.