रुमालातले तीन बिल्ले

गृहस्थ साताऱ्याकडचे, पदकं खरी की खोटी ते माझ्याकडून तपासून घ्यायला आलेले. रुमाल सोडून त्यांनी पहिल्या महायुद्धाची तीन पदकं टेबलावर ठेवली : १९१४-१५चा स्टार, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. त्यांचे पणजोबा ११७व्या मराठा पलटणीत होते. पुणे डिव्हिजनची ही पलटण मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली आणि तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकली. घरातून कधीतरी गेलेले बिल्ले एका व्यापाऱ्याकडे दिसले, तेव्हा त्यांनी अख्खा संच परत विकत घेतला. तिन्हींवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण तंतोतंत एक.

त्यांना संशय होता तो व्हिक्टरी मेडलचा. पंखवाल्या विजयदेवतेचा चेहरा गुळगुळीत, सोनेरी झाक उडालेली, रिबन नवी कोरी. मी म्हटलं, हे चिंचेचं काम. आपल्याकडे दसरा-दिवाळीला तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर बिल्लेही घासले जातात, त्यात मूळ लॅकर (वरचा चमकदार थर) निघून जातं आणि कडेवरची अक्षरं पुसट होतात. रिबन तर कुणीही बदलतं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली ती निळसर पांढरी चमकली, म्हणजे युद्धानंतर कित्येक वर्षांनी विणलेली. पण त्यावरून पदक खोटं ठरत नाही.

दहापट भिंगाखाली कडेवरची अक्षरं पाहिली. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नाव कोरलेलं नसतं, ठोकलेलं असतं. ठशाने दाबलं की धातू बाजूला सरतो, अक्षराच्या काठाला बारीक उंचवटा येतो आणि तळ सपाट राहतो. व्हिक्टरीवर झिजूनही हे दिसत होतं. स्टारच्या सपाट पाठीवर तर अगदी स्पष्ट.

मग चांदीचं. दिसायला तिघांत देखणं, खोलगट भागात छान काळपट झाक. पण अक्षरांच्या रेघा जिथे थांबतात तिथली टोकं गोल, तळही गोलसर, खोली सगळीकडे सारखी. फिरत्या सुईच्या यंत्राने कोरलेलं. हेही पुरेसं नाही, कारण खऱ्या पदकाची कड घासून नवं नाव घालणारेही असतात. म्हणून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला. कड घासलेली असेल तर एका दिशेचं माप दुसरीपेक्षा कमी भरतं. इथे चारही बाजूंनी ३५.४ मिलिमीटर. हवं ३६. खऱ्या पदकावरून साचा घेऊन ओतकाम केलं की धातू थंड होताना आकसतो, हा फरक तिथला. पदकावरच्या घोडेस्वाराच्या घोड्याच्या टापांखालची कवटी पाहिली : डोळ्यांच्या खोबणी अर्धवट भरलेल्या, भोवती टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

शेवटी पाणी. वजन २५.३ ग्रॅम. वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणला आणि पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवलं, तळाला टेकू न देता. पहिल्यांदा आकडा २.९८ आला. रिबन अडकवायच्या पट्टीच्या खाचेत बुडबुडे अडकले होते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून, ब्रशने बुडबुडे काढून पुन्हा : २.९१. वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते : ८.७. खऱ्या पदकाच्या स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदीची १०.३च्या आसपास येते. हे जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, वरून चांदीचं पाणी. (बुडबुडे तसेच राहिले तर खरी चांदीही हलकी ठरते, म्हणून एका मापावर मी कधीच बोलत नाही.)

अशा संचातून गायब होतं ते बहुतेक वेळा चांदीचंच. तिघांत मोडीला किंमत त्याला एकट्याला. १९८०च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ही पदकं ढिगाने वितळली. दोनच उरली की संचाचा भाव पडतो, मग तिसरं "तयार" होतं.

त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. "म्हणजे पणजोबांचं नाव खोटं?" म्हटलं, नाव खरं, दोन बिल्ले खरे. त्यांनी तिथूनच गावी फोन लावला. पलीकडून आत्या म्हणाल्या, "पांढरा बिल्ला होय? तो मोडून माझी जोडवी केली ना आईनं."

दोन पदकं वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घातली, पुन्हा चिंच लावू नका म्हणून बजावलं. पावतीवर तिसऱ्यापुढे लिहिलं : नक्कल, ओतीव, जर्मन सिल्व्हर. ती त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली, व्यापाऱ्याला दाखवायला.