पसरणी घाटातलं ओलं फडकं

लांब पल्ल्याच्या रॅलीला निघालेल्या जुन्या गाडीची परीक्षा हायवेवर घेऊन काही कळत नाही. आमच्या साताऱ्यातल्या गॅरेजात अशी गाडी तयार झाली की तिला एकच फेरी ठरलेली: वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि उतरताना केळघर घाटाने मेढ्यावरून परत. चढाला इंजिन बोलतं, उताराला ब्रेक.

एप्रिलमधला दिवस. गाडी फियाट ११००, इंजिन १०८९ सीसी. स्टिअरिंगवर मालक डॉक्टर, शेजारी स्टॉपवॉच घेऊन त्यांची मुलगी, मागे मी आणि हेल्पर. या रॅलींत बहुतेक वेळा वेगाची शर्यत नसतेच. ठरवून दिलेली सरासरी राखायची. उशिरा पोचलं तरी गुण जातात आणि लवकर पोचलं तरी. ताशी ३६ किलोमीटरची सरासरी हिशेबाला सोपी, किलोमीटरला बरोबर १०० सेकंद. पण आधी मीटर खरा हवा. वाईपर्यंत मैलाच्या दगडांशी ताडून पाहिलं, तर रस्ता १० किलोमीटर झाला तेव्हा मीटर १०.४ दाखवत होता. म्हणजे मीटरवरचा एक किलोमीटर १०० नव्हे, ९६ सेकंदांत कापायचा. मुलीने तो आकडा चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डला लावला.

पसरणी गाव मागे टाकलं, अर्धा घाट चढलो. खाली धोमचं पाणी दिसायला लागलं आणि गाडीने दोन-तीन गचके देऊन मान टाकली. टेंपरेचरचा काटा वर, पण उकळी नाही.

हेल्पर बाटली घेऊन उतरला. "मिस्त्री, पंपावर फडकं भिजवून टाकू का?"

त्याचं चुकलं नव्हतं. इंजिनच्या अंगाला बसलेला यांत्रिक पेट्रोल पंप तापतो, पाइपात पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफच ढकलत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हा त्रास वाढू शकतो, आणि जुने रबरी पाइप फुगून मऊ पडतात ते वेगळंच. डॉक्टरही म्हणाले, "मागे दोनदा असंच झालं, फडकं टाकलं, दहा मिनिटांत सुरू झाली."

खोट नेमकी त्या दहा मिनिटांत होती. तेवढ्या वेळात एकटा पंप गार होत नाही. प्लगची ठिणगी तयार करणारी कॉइल, तिच्या जोडीचा कंडेन्सर, सगळंच गार होतं. मग गाडी फडक्याने सुरू झाली की थांबल्याने, हे कसं ठरवणार? मी फडकं टाकू दिलं नाही. गाडी गरम आणि बंद आहे, तोवरच तपासायची.

आधी करंट, मग पेट्रोल. हा क्रम उलटा करू नये. पेट्रोलचा पाइप उघडून ठेवलाय आणि शेजारी ठिणगी पाडतोय, असं करणारे मी पाहिलेत. कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (हा करंट प्लगांना वाटतो) काढली, प्लॅस्टिक मुठीच्या पकडीत धरून तिचं टोक ब्लॉकपासून ५-६ मिलिमीटरवर नेलं आणि डॉक्टरांना सेल्फ मारायला सांगितलं. निळी, कडकड वाजणारी ठिणगी हवी होती; आली पिवळी, बारीक, मधूनच गायब होणारी. खात्रीसाठी कॉइलचं कनेक्शन काढून इग्निशन बंद केलं, कार्बोरेटरकडचा पाइप बाटलीत सोडला आणि इंजिन फिरवलं. पेट्रोल ठोक्या-ठोक्याने, दमदार येत होतं. पंप निर्दोष सुटला.

डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. आतले सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, काळवंडलेले, एकावर खड्डा, समोरच्यावर तेवढाच उंचवटा. कंडेन्सरचं काम पॉइंट उघडताना तिथे पडू पाहणारी ठिणगी गिळण्याचं. तो गळका झाला की पॉइंट जळतात, कॉइलमधला करंट झटक्यात तुटत नाही आणि प्लगला जोर पोचत नाही. यातला वात्रट प्रकार म्हणजे आतलं इन्सुलेशन फक्त तापल्यावर दगा देतं. गार झालं की शहाणं.

हल्लीचे काही नवे कंडेन्सर पाकिटातून काढल्यापासूनच भरवशाचे नसतात. म्हणून रॅलीच्या डब्यात मी कोरा कंडेन्सर ठेवत नाही. दुसऱ्या गाडीवर महिनाभर चाललेला ठेवतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या आत बसवायचीही गरज नाही. जुन्याची वायर सोडवली (ही राहिली तर दुसऱ्याचा उपयोग शून्य), डब्यातला कॉइलच्या पट्टीच्या स्क्रूखाली घट्ट आवळला आणि त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला जोडली. विजेच्या दृष्टीने जागा तीच, फक्त इंजिनच्या धगीपासून लांब. पॉइंटवरचा उंचवटा कानसून काढला. तो राहिला तर गॅप मोजायची पत्री, फिलर गेज, त्यालाच टेकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी भासतो. मग ०.४० मिलिमीटर गॅप ठेवला आणि कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढली, कारण गेजवरच्या तेलाचा थर करंट अडवतो.

सतरा मिनिटं गेली. इंजिन अजून हाताला चटका देत होतं आणि अर्ध्या सेल्फला सुरू झालं. हेल्परच्या हातातली बाटली तशीच भरलेली.

महाबळेश्वरपर्यंत पुन्हा थांबलो नाही. केळघर घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो, तरी मेढ्याच्या अलीकडे ब्रेकचं पेडल जरा स्पंजासारखं लागलं. डॉट ३ ब्रेक ऑइल कोरं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं १४० लाच उकळू शकतं. या गाडीतलं कधी बदललं, कुणालाच आठवेना. परत आल्यावर चारही चाकांतून काढून टाकलं.

काढलेला कंडेन्सर दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरला लावला. गार असताना ठणठणीत. मग सोल्डरिंग आयर्नने शेकत गेलो, तसा रेझिस्टन्स घसरत गेला. गार होऊ दिला, पुन्हा ठणठणीत. तो आता गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय. हेल्परनेच त्याला चिठ्ठी बांधलीय: "फडकं टाकू नका."