पॉलिअ‍ॅनिलिन जेल सेल: वाकवल्यावर ईएसआर का वाढतो ते सापडलं!

सापडलं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलं होतं ना, माझा वीज साठवणारा, वाकवता येणारा सेल (इलेक्ट्रोडमध्ये पॉलिअ‍ॅनिलिन, म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर) सपाट असताना छान चालतो पण पन्नासेक वेळा वाकवला की आयआर ड्रॉप, म्हणजे डिस्चार्ज सुरू होताच आतल्या रोधामुळे होणारी व्होल्टेजची घट, चढत जातो. २ मिलिअँपला आधी ०.०४ व्होल्ट होता, नंतर ०.१३. चार्जवरून डिस्चार्जवर जाताना करंट +२ चा −२ होतो, म्हणजे ४ मिलिअँपने बदलतो, म्हणून ईएसआर (सेलचा आतला रोध) १० ओहमवरून थेट ३२ च्या वर.

तीन आठवडे मी जेल सुकतंय हेच धरून बसले होते, ग्लिसरीन घालायचंही ठरलं होतं. मग वाकवण्याआधी आणि नंतर सेलचं वजन केलं तर फरकच नाही. आणि त्या दिवशी टेस्ट चालू असताना पाऊचवर बोट दाबलं तर ड्रॉप झटकन खाली, बोट काढलं की परत वर! पाणी उडालं असतं तर नुसतं दाबून थोडंच परत येणार होतं? सेल उघडला. कार्बन क्लॉथच्या विणीत इलेक्ट्रोडचं जेल घट्ट बसलेलं, पण इलेक्ट्रोलाइटचा थर अख्खा सोलून हातात आला.

चूक अशी की दोन्ही थर वेगवेगळे फ्रीझ-थॉ करून (गोठवून परत वितळवून, त्यानेच जेल घट्ट होतं) मग चिकटवत होते, पीव्हीएचे (जेल ज्याचं बनतं ते पॉलिमर) क्रिस्टलाइट, म्हणजे साखळ्या बांधून ठेवणारे बारीक स्फटिक, आपापल्या थरात आधीच बनून गेले की एकमेकांत गुंतणार कसे. आता इलेक्ट्रोडला एकच सायकल देते, त्यावर पीव्हीए ओतते आणि उरलेल्या दोन सायकल एकत्र, सल्फ्युरिक अ‍ॅसिड शेवटी मुरवते. २०० वेळा वाकवून ड्रॉप ०.०५! मी तो ग्राफ कितीदा उघडून बघितला असेल.

पीव्हीए मात्र पूर्ण हायड्रोलाइज्ड (अ‍ॅसिटेट गट जवळपास सगळे काढलेलं), ९९ टक्क्यांचंच घ्या. मला एका सप्लायरने ८८ वालं पाठवलं, दोन बॅच थॉ झाल्यावर नुसत्या चिकट पाण्यासारख्या. आणि कॉपर टेप अ‍ॅसिडजवळ नकोच.

पुढे अ‍ॅसिडऐवजी लिथियम क्लोराइड वापरून बघणार होते, पाणी धरून ठेवतं म्हणून, पण न्यूट्रल पीएचला पॉलिअ‍ॅनिलिन डीडोप होऊन (अ‍ॅसिडकडून मिळालेले प्रोटॉन गमावून) हिरव्याचं निळं पडेल आणि कंडक्टिव्हिटी जाईल, त्यामुळे ते रद्द. सेल्फ-डिस्चार्ज (न वापरताही चार्ज किती उतरतो ते) मोजायला घेणार होते, पण हे लिहिता लिहिता सुचलं, दुसऱ्या बाजूचा इलेक्ट्रोड अजून वरून चिकटवलेलाच आहे. दोन्ही अर्धे गोठलेले इलेक्ट्रोड स्पेसर लावून समोरासमोर धरायचे आणि मधे पीव्हीए ओतायचं. आधी हेच करते, साचा आज रात्रीच कापायला घेते.