निम्मा सर्व्हे दारात, निम्मा मोबाइलवर

मार्केट रिसर्चच्या फील्डवर मी आले तेव्हा हातात कागदी फॉर्मांचा गठ्ठा आणि शो कार्डं (उत्तरांचे पर्याय छापलेली, समोरच्याला दाखवायची कार्डं) असायची. आता पुण्यात सुपरवायझर म्हणून काम करते. नुकताच गोडेतेलाच्या वापरावरचा एक अभ्यास आम्ही संपवला. निम्म्या मुलाखती घरोघरी घेतल्या, निम्म्या ऑनलाइन पॅनेलवरून, म्हणजे मोबाइलवर सर्व्हे भरायला आधीच नाव नोंदवलेल्या लोकांकडून. दोन्हीकडची तपासणी माझ्याकडे होती, त्यामुळे आमचा व्यवसाय किती बदललाय ते एकाच कामात समोर आलं.

दारातल्या कामाचा नियम जुनाच आहे. ठरलेल्या जागेवरून सुरुवात करायची, उजव्या हाताला वळत जायचं, ठरावीक घरं सोडून पुढचं दार वाजवायचं. ओळखीच्या किंवा हसून बोलणाऱ्या घरात शिरायचं नाही. नव्या मुलींना ब्रीफिंगमध्ये मी आवर्जून सांगते, की १९३०च्या दशकात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले इन्स्टिट्यूटने याच शहरातल्या कुटुंबांची घरोघर पाहणी केली होती. आपलं काम त्याच परंपरेतलं आहे, ते हलकं समजू नका.

कसबा पेठेत आणि जनता वसाहतीत हे काम अजून जमतं. दुपारी एक ते चार कुणाला उठवायचं नाही, संध्याकाळी कुकर लागायच्या आत पोहोचायचं, एवढं सांभाळलं की लोक बोलतात. खरी कसोटी बाणेर-बालेवाडीत लागली. गेटवरचा वॉचमन ॲपवरून फ्लॅटला विचारतो आणि वरून नकार येतो. आमचा चेहरासुद्धा कुणी पाहत नाही. मग सोसायट्यांना पत्रं दिली, ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या, सेक्रेटरींना भेटले. एका सोसायटीचे सेक्रेटरी चांगुलपणाने म्हणाले, "मॅडम, क्लबहाउसमध्ये टेबल टाका, ज्यांना यायचं ते येतील." मी नको म्हटलं. टेबलाशी येतात ते फावल्या वेळातले, बोलायची हौस असलेले. रात्री नऊला घरी येणारी बाई त्यात कधीच सापडणार नाही, आणि तेल तर तीही विकत घेते. शेवटी रविवारी सकाळी, दोनच मुली, एकच विंग, अशी परवानगी मिळाली. तिथल्या मुलाखती मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

घराचा आर्थिक-सामाजिक गट ठरवायची पद्धतही बदलतेय. २०११ पासूनच्या पद्धतीत मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि अकरा गोष्टींची यादी असायची: वीज, पंखा, गॅस, रंगीत टीव्ही, फ्रिज, गाडी वगैरे. पुण्यात आज गॅस आणि पंखा कुणाकडे नाही? त्यावरून घराघरांतला फरक कळेनासा झाला होता. नव्या आयसेक (भारतीय सामाजिक-आर्थिक वर्गीकरण) पद्धतीत वस्तू गेल्या. मुख्य कमावत्याचा व्यवसाय आणि घरातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या पुरुषाचं व स्त्रीचं शिक्षण विचारतात. शुक्रवार पेठेत एका आजींना आमच्या मुलीने विचारलं, "काकू, घरातली सगळ्यात जास्त शिकलेली बाई कोण?" आजींनी आत हाक मारून सुनेला बाहेर बोलावलं. "ही एमएस्सी आहे. लिहा नीट." सूनबाई संकोचली, पण पुढचा अर्धा तास तीच बोलत होती. इतक्या वर्षांत आमच्या फॉर्मवर पहिल्या पानात बाईच्या शिक्षणाला जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

टॅबबद्दल थोडक्यात. जीपीएस आणि वेळेची नोंद आपोआप होते, परवानगी घेऊन आवाजही रेकॉर्ड होतो. घरी बसून बोगस फॉर्म भरणं त्यामुळे फार अवघड झालं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर माहिती कशासाठी घेतो ते आम्ही स्पष्ट वाचून दाखवतो. दिलेली संमती मागे घेता येते, हेही सांगतो.

ऑनलाइन निम्म्याने मात्र माझी झोप उडवली. वीस मिनिटांची प्रश्नावली काहींनी चार मिनिटांत संपवलेली. एकाखाली एक गुण द्यायच्या सगळ्या प्रश्नांना डोळे झाकून एकच गुण दिलेला. ब्रँडच्या यादीत आम्ही मुद्दाम एक अस्तित्वात नसलेलं नाव घातलं होतं, तेही कित्येकांनी 'वापरतो' म्हणून निवडलेलं. हे सगळं पकडता येतं. मी अडखळले ती 'हेच तेल का?' या प्रश्नाच्या उत्तरांशी. दारात बायका सांगतात, "सासूबाई हेच आणायच्या", "चिवड्याला वास येत नाही", "महिनाअखेर स्वस्त पिशवी आणते." पॅनेलवर एकामागून एक उत्तर असं: "हे उत्पादन माझ्या कुटुंबाच्या आरोग्यविषयक गरजा पूर्ण करते." शुद्धलेखन निर्दोष आणि स्वयंपाकघराचा मागमूस नाही. ही उत्तरं माणसाची की एआयची, असा संशय आला.

क्लायंटसमोर मी दोन दाखले ठेवले. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेत बनावट सर्व्हे डेटा विकल्याच्या आरोपावरून आठ जणांवर खटला भरला गेला, रक्कम सुमारे एक कोटी डॉलर. आणि त्याच वर्षी तिथल्याच डार्टमथ कॉलेजचे संशोधक शॉन वेस्टवूड यांनी दाखवून दिलं, की माणसासारखी सर्व्हे भरणारा त्यांनी बनवलेला एआय प्रतिसादक लक्ष तपासणाऱ्या प्रश्नांतून ९९.८ टक्के वेळा सहीसलामत सुटतो. म्हणजे आमचे सापळे आळशी माणसाला पकडतात, यंत्राला नाही.

बैठकीत कुणीतरी सुचवलं, की मग उत्तरंही एआयकडूनच तयार करून घेऊ, स्वस्त पडेल. मी एआयच्या विरोधात नाही. रेकॉर्डिंगवरून मराठी मजकूर उतरवायला, मोकळ्या उत्तरांची पहिली वर्गवारी करायला ते आम्ही वापरतो. प्रश्नावलीतला गोंधळ शोधायलाही ते चालेल. पण जनता वसाहतीत महिनाअखेर किती घरं सुटं तेल घेतात, हे तिथे जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. तेवढं मी ठामपणे सांगितलं.

संशयास्पद उत्तरं काढून टाकली आणि तेवढ्या मुलाखती संध्याकाळच्या वेळी फील्डवर पुन्हा घेतल्या. अहवाल उशिरा गेला, खर्च वाढला, क्लायंटने तो मान्य केला. पुढच्या अभ्यासासाठी आम्ही ऑनलाइन भाग कमी ठेवलाय आणि प्रत्येक मुलाखतीमागे मुलींना मिळणारा दर वाढवून मागितलाय. त्यावर बोलणी चालू आहेत.