आजीचं गोंदण

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात शिरलं, तेव्हा फोटोंचे अल्बम कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होते. आई आणि भाऊ माळ्यावर होते आणि मी ठाण्यात फोन लावत बसलेली. रस्ता सुरू झाल्यावर पोचले, तोवर भावाने चिखलातून अल्बम काढून पडवीत ठेवले होते. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली.

ओले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, एवढं ऐकून माहीत होतं. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि ओढलं की चित्रासकट सुटून येतो. म्हणून टँकरचं पाणी बादलीत घेऊन एकेक गठ्ठा त्यात बुडवला, आपणहून सुटले तेवढे फोटो मच्छरदाणीवर तोंड वर करून वाळत घातले. जुलैतली कोकणातली हवा, वाळायला तीन-तीन दिवस लागले. साठेक फोटो हाती आले. बाकीच्यांवर नुसते रंगांचे ओघळ उरले होते. एका स्टुडिओत दाखवायला नेले, तर म्हणाले, यात काही राहिलं नाही, टाकून द्या. मी ते तसेच परत आणले.

या वर्षी आईला पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्या साठ फोटोंचं डिजिटल स्क्रॅपबुक करतेय, आठ इंची चौकोनी पानं, गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आजीच्या एका फोटोवर. काकाच्या आग्फा क्लिक थ्रीने काढलेला, कृष्णधवल, जेमतेम सव्वादोन इंचांचा चौकोन. आजी पडवीत बसून फणस फोडतेय. त्या कॅमेऱ्याच्या शटरला एकच गती, तीही सावकाश, आणि पडवीत उजेड बेताचा. नेमकं त्याच क्षणी आजीने मान वळवली असणार, कारण चेहरा पुसट आलाय. हात मात्र लख्ख आहेत. खोबरेल तेल लावून चकाकणारे, दोन्ही अंगठे फणसात रुतलेले, मनगटाची शीरसुद्धा दिसते.

आधी मी फोनवरच्या एका ॲपला हा फोटो दिला. त्याने क्षणात चेहरा स्वच्छ करून दिला. नाक सरळ, डोळे टपोरे, पापण्यांचे केस मोजता येतील असे. आणि हनुवटीवरचं गोंदण गायब! डाग समजून पुसून टाकलं होतं. ती कुणीतरी दुसरीच बाई होती. लहानपणी आजीच्या मांडीवर पडून मी त्या गोंदणाच्या तीन ठिपक्यांवर बोट फिरवायचे. मूळ फोटोत ते तीन ठिपके मिळून एक काळसर सावली झालीय, पण ती सावली आजीची आहे. ॲपने केलेला फोटो मी लगेच काढून टाकला. आईच्या नजरेला तो पडायला नको होता.

मग तो फोटो आहे तसाच घेतला. १२०० डीपीआयला स्कॅन केला, पण पानावर तीन इंचांहून मोठा केला नाही. मोठा केला की पुसटपणाही मोठा होतो. शेजारी मोबाईलचा एकही फोटो ठेवला नाही. झगझगीत नव्या फोटोशेजारी जुना फोटो आजारी दिसतो. पानाचा रंगही पांढराशुभ्र नको. फोटोतल्याच सगळ्यात फिकट जागेचा, आजीच्या पातळावरच्या उन्हाच्या कवडशाचा रंग उचलला आणि पानभर पसरला. तेवढ्याने फोटो मळका दिसायचा थांबला. खालच्या कडेला तिच्या इरकली लुगड्याचा काठ आहे, तो थेट स्कॅनरच्या काचेवर अंथरून घेतला.

ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो सगळे लालसर झालेत. त्यांच्यातला निळसर रंग आधी उडतो. त्यांचे रंग परत आणायच्या खटपटीत दोन रात्री घालवल्या, शेवटी लाल-हिरवा-निळा या तीन चॅनेलांपैकी फक्त हिरवा घेऊन कृष्णधवल केले. चेहरे उठून आले. आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोत पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ बाबांच्या खांद्यावरून आडवी गेलीय. ती क्लोन टूलने पुसता आली असती, पण राहू दिलीय. तो पूर आमच्या घरावरूनच गेलाय.

गेल्या रविवारी आजीचं पान आईला लॅपटॉपवर दाखवलं. खाली मी ओळ लिहिली होती, ‘आजी, कापा फणस आणि मे महिना.’ आईने चष्मा लावला. चेहऱ्यापाशी थांबली, पदराने डोळे पुसले आणि मग बराच वेळ हातांकडे बघत राहिली.

“कापा नव्हे गं हा,” म्हणाली, “बरका आहे, मऊ गऱ्यांचा. बघ, विळी नाही जवळ. बरका त्या हातानेच फोडायच्या. साठं, फणसपोळी गं, घालायची असणार त्या दिवशी.”

मी ‘कापा’ खोडून ‘बरका’ लिहिलं. आई म्हणाली, साठांचंही लिही, सुपाला तूप लावून घालायच्या. तेही लिहिलं.