आता कॉल येत नाही

३ जानेवारी

पहाटे साडेतीनला जाग आली. मालगाडी चालली होती. घर मिरज स्टेशनापासून फार लांब नाही, त्यात थंडीत आवाज अगदी अंगणात आल्यासारखा येतो. पडल्या पडल्या ऐकत राहिलो. गाडी भरलेली होती. रिकाम्या गाडीचा खडखडाट पातळ असतो, भरलेली दबून जाते. मधल्या कुठल्यातरी वॅगनचं चाक एका जागी झिजलेलं होतं, दर फेऱ्याला ठक्, ठक्. गार्डाच्या नोकरीत असताना हा आवाज कानावर पडला असता तर वॉकीटॉकी उचलून ड्रायव्हरला सांगितलं असतं आणि पुढच्या स्टेशनात उतरून बॅटरीच्या उजेडात गाडीभर चालत गेलो असतो. आज ते काम दुसरा कुणी करील. गोधडी वर ओढली आणि पुन्हा झोपलो, ते पार उजाडल्यावर उठलो.

मालगाडीच्या गार्डाला झोप किती प्रिय असते ते गार्डालाच माहीत. आमच्या सुरुवातीच्या काळात कॉल, म्हणजे ड्यूटीवर यायचा निरोप, घेऊन कॉलबॉय सायकलवरून यायचा. दारात उभा राहून नावानं हाक मारायचा, वहीवर सही घ्यायचा आणि दोन तासांत यार्डात हजर व्हायचं. रात्री दोनला, दिवाळीच्या पहाटे, पानावर बसल्यावर, कधीही. पुढे सायकल गेली, मोबाइल आला, कॉल तसाच राहिला. २०२२ साली आमच्या पदाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर झालं. गल्लीत मात्र मी गार्डसाहेबच आहे आणि मला ते आवडतं.

हिनंही ती सगळी वर्षं अर्ध्या झोपेतच काढली. मी निघताना डबा भरून द्यायचा, गेल्यावर कडी लावायची, परत येईन तेव्हा पुन्हा उठायचं. तिच्या जागरणाची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही. आज सकाळी बघितलं तर मी उठल्यावरही ती गाढ झोपली होती. चहा मी केला. आलं जरा जास्त पडलं तरी तिनं कौतुकानं घेतला.

५ जानेवारी

बाजारात हरभऱ्याचा पाला आला आहे. कोवळा, आंबूस. दोन जुड्या घेतल्या, हिरव्या मिरच्या घेतल्या, जवारी वांगी घेतली. विकणारी बाई बेडगकडची होती. पाला खुडताना बोटं आंबट होतात, ती चाटायची सवय तिलाही आहे म्हणाली. अर्धा तास बोललो असेन. घड्याळ बघायचं कारण नव्हतं.

दुपारी शाळूची भाकरी आणि पाल्याची भाजी, वर लसणीची फोडणी. भाकरी तव्यावरून थेट ताटात. हा सुखाचा भाग लोकांना फारसा कळत नाही, कारण त्यांना गरम भाकरी रोज मिळत आलेली असते. आम्ही ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डाच्या डब्यात, खाल्लं ते गारच. मालगाडीच्या जुन्या ब्रेकव्हॅनला ना दिवा, ना संडास. लोखंडी डबा, एक बाक, हँडब्रेकचं चाक आणि ब्रेकच्या प्रेशरचं गेज. गेजवरचा काटा ४.८ ला उभा आहे ना, हे बघत बघत घास घ्यायचा. रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावी ड्रायव्हर-गार्डांच्या मुक्कामाच्या जागी, आपला शिधा आपण द्यायचा, तिथला खानसामा शिजवून द्यायचा. त्यांनी मायेनं खाऊ घातलं, त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढणार नाही. पण भाकरी फुगताना बघायची आणि तीच आपल्या ताटात येणार हे ठाऊक असायचं, याची चव वेगळी आहे. मी आता चुलीजवळ, म्हणजे गॅसच्या ओट्याजवळ, स्टूल टाकून बसतो. ही म्हणते, "अहो, तिकडं बसा की, धुरात कशाला." धूर कुठला आलाय.

८ जानेवारी

आजचा दिवस सतारमेकर गल्लीत गेला. थोडं सविस्तर लिहितो.

मिरजेत जन्म काढला आणि या गल्लीतून शेकडो वेळा सायकल हाणत गेलो, पण इथल्या सतार-तंबोऱ्याच्या कारखान्याची पायरी चढलो ती निवृत्तीनंतर. आधी एकदा नातीसाठी पेटी दुरुस्तीला कुठं द्यावी हे विचारायला गेलो होतो, आणि तिथं वाद्यं घडवणाऱ्या भाईंनी "बसा गार्डसाहेब" म्हटलं. तेव्हापासून बसतोच आहे. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही. बघायला आणि ऐकायला कुणी मनाई करत नाही.

भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. खायचे नव्हेत हे, कडू जातीचे, वाळवून कवटीसारखे टणक झालेले. माळ्यावर टांगून ठेवलेले असतात, एकेक इतका मोठा की दोन हातांच्या कवेत मावत नाही. चांगला भोपळा पारखायला भाई बोटाच्या पेरानं वाजवतात. मग तो कापायचा, पाण्यात भिजवायचा, आतून खरवडायचा, आकाराला आणायचा. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं झाकण, आणि दांडी तुणीच्या लाकडाची. त्यावर वेलबुट्टी, लाखेचं पॉलिश, खुंट्या, तारा. या घरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लढाया सरल्या, धारेची कामं आटली, तेव्हा साधारण १८५० च्या सुमाराला फरीदसाहेबांनी इथं वाद्यं घडवायला सुरुवात केली असं सांगतात. ज्या हातांत तलवार होती त्या हातांत तंबोरा आला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. साखर बघायची असते तरी.

आज भाई एका तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा सूर खुलावा म्हणून घोडी, तारांखालची पट्टी, घासत होते. घोडीवर तार जिथं टेकते तो भाग सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला अगदी बारीक उतार असतो. तो उतार कानसेनं घासत घासत आणायचा. एक हात फिरवायचा, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा हात. पुन्हा ऐकायचं. एका तारेला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही, आणि भाईंना कुणी विचारतही नाही. शेवटी तारेखाली सुती दोरा सरकवला. तो केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी सूर उघडला. मघापासून नुसती तार वाजत होती, आता त्या एका तारेतून आणखी कितीतरी स्वर निघायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. भाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्हाला कळलं. बऱ्याच जणांना कळत नाही."

मला का कळलं असेल यावर येताना विचार करत होतो. उभी नोकरी मी ऐकण्यातच घालवली. गाडीच्या शेवटी एकटा बसलेला माणूस पुढं काय चाललंय ते बघू शकत नाही, वळणावर दिसेल तेवढंच. बाकी सगळं कानानं. कुठलं चाक तापलंय, कुठला ब्रेक चिकटलाय, कपलिंग कुठं ओढ खातंय. रात्रीच्या अंधारात आदर्कीच्या घाटात कान हेच डोळे. पण तेव्हाच्या ऐकण्यात धाकधूक असायची. काही वावगं ऐकू येऊ नये म्हणून ऐकायचं. भाईंच्या दुकानात मी पहिल्यांदा काहीतरी चांगलं ऐकू यावं म्हणून कान लावून बसलो. कान तेच. हे मला साठीनंतर मिळालं आणि त्याचं मोल मी रोज मानतो.

भाईंनी चहा मागवला आणि खाँसाहेबांची गोष्ट निघाली. थोर गवई अब्दुल करीम खाँ मिरजेचेच झाले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला रेल्वेनं जात असताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मंडळी सिंगापेरुमलकोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरली. फलाटावर सतरंजी अंथरली, तंबोरा जुळवायला लावला, दरबारीत प्रार्थना गायली आणि तिथंच त्यांनी प्राण सोडला. देह मिरजेला आणला. दर्ग्याच्या उरुसात अजूनही मोठमोठे गवई त्यांच्यासाठी हजेरी लावून जातात.

ही गोष्ट मी आधीही ऐकली होती, पण आज मी ती स्टेशनाच्या बाजूनं ऐकली. रात्रीचं छोटं स्टेशन मला आतून माहीत आहे. कंदील, पाण्याचा माठ, डुलक्या खाणारा पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाला. त्या स्टेशनमास्तरनं त्या रात्री काय ऐकलं असेल? त्याला कळलं असेल का कोण गातंय? बराच वेळ मनातून गेलं नाही.

९ जानेवारी

काही विशेष नाही. उन्हात बसलो. गुडघ्याला तिळाचं तेल लावलं. पेपर जाहिरातींसकट वाचला. संध्याकाळी गणेश तलावापर्यंत चालत.

११ जानेवारी

नातीला घेऊन कोल्हापूरला जाऊन आलो. अंबाबाईचं दर्शन हे निमित्त, खरी ओढ गाडीत बसायची. निवृत्तांना पास मिळतो, पण एवढ्याशा अंतराला तो कशाला खर्ची घालायचा, साधं पॅसेंजरचं तिकीट काढलं. खिडकीची जागा तिला, तिच्या शेजारी मी.

याच रुळांवरून किती गेलो असेन, पण प्रवासी म्हणून जाणं निराळंच. कुणाला हिरवा झेंडा दाखवायचा नाही, स्टेशन आलं की ऑल राइट, म्हणजे गाडी ठीक असल्याची मास्तरांची खूण, घ्यायला दारात उभं राहायचं नाही. तरी जयसिंगपूर यायला लागल्यावर माझा उजवा हात आपोआप उचलला गेला. नातीनं विचारलं, "आबा, कुणाला टाटा केला?" मी म्हटलं, "मास्तरांना." मग तिनंही केला. फलाटावरच्या मास्तरांनी खरंच हात वर केला. ओळखीचे नव्हते. मला फार बरं वाटलं.

जयसिंगपूरच्या आधी, कृष्णेच्या पुलावर, तिला सांगितलं, की लातूरला पाणी नव्हतं तेव्हा आपल्या मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं होतं. एप्रिल २०१६. पहिली गाडी दहा वॅगनची, पाच लाख लिटरची. नंतर पन्नास वॅगन लागायला लागल्या. यार्डात वॅगन भरताना आम्ही सगळे ड्यूटी नसतानाही जाऊन उभे राहिलो होतो. साखर, खत, सिमेंट पुष्कळ नेलं, पण त्या गाडीला निरोप देताना यार्डातली माणसं ज्या चेहऱ्यानं उभी होती तो चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. नातीचा प्रश्न, "पाणी सांडलं नाही का?" तिला वॅगनच्या झाकणाची रचना समजावून सांगितली. हातकणंगले येईपर्यंत तेच चाललं होतं.

दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू आहे. मध्येच गुऱ्हाळाचा वास आला, काकवीचा, आणि डब्यातल्या सगळ्यांनी एकदम खिडकीकडं तोंडं वळवली. रुकडीनंतर पंचगंगा. मग वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेली हजारो माणसं, बायका-पोरं जास्त, १९४३ पासून पाचेक वर्षं इथल्या छावणीत राहिली. आपलं घर सोडून इतक्या लांब आलेली पोरं या माळावर खेळली, मराठी शिकली. एरवी मालगाडी इथून सुसाट जायची. आज गाडी थांबली, मी खाली उतरून फलाटावर दोन पावलं चाललो आणि शिट्टी होताच चढलो. नात ओरडत होती. शिट्टी आणि गाडी सुटणं यांच्यामध्ये किती वेळ असतो ते मला माहीत आहे, पोरीला कसं सांगायचं.

येताना भडंग घेतलं. घरी येईपर्यंत निम्मं संपलं.

भोगी

सकाळपासून घरात तिळाचा वास. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावायचं काम माझ्याकडं होतं. भाकरी थापली की ओल्या हातानं तीळ पसरायचे आणि बोटांनी हलके दाबायचे, नाहीतर तव्यावर उडतात. भाजीत वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा, शेंगदाणे, तिळाचं कूट. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आई म्हणायची. नोकरीत असताना भोगीला घरी असण्याचा योग क्वचितच. आई गेली त्यानंतरही ही माझ्या वाटणीची भाकरी कापडात बांधून ठेवायची, मी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी खायचो. बाजरीची शिळी भाकरीही चांगलीच लागते, दुधात कुस्करून. पण आज आम्ही सगळे एका पंगतीला होतो. मुलगा, सून, नात, आम्ही दोघं. मुलाला मी म्हटलं, तू लहान असताना आपण भोगीला असे बसलो होतो का रे? तो म्हणाला, "आठवत नाही बाबा. आज बसलोय ना." आणि त्यानं माझ्या पानात लोण्याचा गोळा वाढला.

दुपारी जुन्या गार्ड मित्राचा फोन. तो पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. विचारत होता, दिवसभर करतोस काय, वेळ जातो का? त्याला तंबोऱ्याबद्दल सांगायला लागलो आणि बोलणं लांबत गेलं. शेवटी म्हटलं, तू ये, तुला भाईंच्या कारखान्यात नेतो, बसून ऐक.

उद्या संक्रांत. भाईंकडं तिळगूळ घेऊन जायचं आहे. तो जवारी काढलेला तंबोरा धारवाडला जाणार आहे, परवा न्यायला माणूस येतोय. पॅकिंग करायच्या आधी एकदा चारी तारा जुळवून ऐकवतो, असं त्यांनी कबूल केलं आहे. ही पण येते म्हणालीय. मला आश्चर्य वाटलं, आनंद त्याहून जास्त. अकरापर्यंत निघायचं ठरलं आहे, तिच्या गुडघ्यामुळं रिक्षा सांगावी लागेल.