एकच तोफ असलेली बोट आणि रिझर्व्हवाला कप्तान

दुसऱ्या महायुद्धातलं नौदल म्हटलं की आपल्याकडे गप्पा बिस्मार्क, पर्ल हार्बर, फार तर मिडवेपर्यंत जातात. आपल्याच नौदलाच्या एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलाचं जहाज) बेंगालचं नाव काढा, समोरचा गपगार.

बेंगाल म्हणजे सिडनीत बांधलेली कोरी करकरीत माईनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी बोट, साधारण 650 टनांची, खलाशी बहुतेक भारतीय. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन, रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्हचे. या रिझर्व्हमध्ये व्यापारी जहाजांवरचे ऑफिसर असायचे, म्हणजे एरवी माल इकडून तिकडे न्यायचा आणि युद्ध लागलं की नेव्हीचा युनिफॉर्म चढवायचा. रेग्युलर नेव्हीवाले यांच्याकडे कसे बघत असतील ते सांगायला नकोच.

तर 11 नोव्हेंबर 1942. ऑन्डिना नावाच्या डच टँकरला सोबत घेऊन बेंगाल ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघालेली. कोकोस बेटांच्या नैऋत्येला समोरून दोन मोठी जहाजं आली, होकोकु मारू आणि आइकोकु मारू, दोन्ही जपानी, दोन्ही दहा हजार टनांच्या वर, आणि दोघांवर 14 सेंटिमीटरच्या तोफांची रांग. बेंगालवर खरं तर चार इंची तोफ बसायची होती, ती मिळालीच नाही म्हणून जुनी बारा पौंडी लावलेली. बारा पौंडी म्हणजे गोळा जेमतेम साडेपाच किलोचा, आणि तेही मोजून चाळीसच्या आसपास. जपान्यांचा एकेक गोळा 38 किलोचा!

विल्सननी काय करावं? टँकरला सांगितलं तू पळ, आणि आपली बोट थेट होकोकु मारूच्या अंगावर घातली. वेडेपणा वाटतो ना, पण बघा, बोट समोरून छोटी दिसते, नेम धरायला अवघड, आणि जवळ गेल्याशिवाय त्या खेळण्यातल्या तोफेचा उपयोग तरी काय? ऑन्डिना पण पळून न जाता तिच्या एकुलत्या एक चार इंची तोफेने मारत राहिली. थोड्या वेळात होकोकु मारूवर जबरदस्त स्फोट झाला आणि ती बुडाली.

बेंगालचे गोळे संपत आले तेव्हा विल्सन धुराचा पडदा सोडून निघाले. बोटीला गोळे लागलेले, पण माणूस एकही गेला नाही. ऑन्डिनाची मात्र वाट लागली. कप्तान हॉर्समन मारले गेले, टॉर्पेडो बसले, लाइफबोटींमधल्या लोकांवर जपान्यांनी मशीनगन चालवली. आइकोकु मारू निघून गेल्यावर उरलेले लोक पुन्हा जहाजावर चढले, आग विझवली आणि ते छिन्नविछिन्न धूड फ्रीमँटलला परत नेलं! मला तर हा भाग लढाईपेक्षा भारी वाटतो.

विल्सनना डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, ब्रिटिश लष्करी सन्मान) मिळालं. आता होकोकु मारू बुडवणारा तो निर्णायक गोळा कुणाचा यावर अजून वाद आहे, आणि बहुतेक जण ऑन्डिनाच्या बाजूने कौल देतात, मलाही तेच पटतं, चार इंची आणि बारा पौंडी यात फरक आहेच. पण पहिली काही मिनिटं जपानी तोफा बेंगालकडे वळल्या नसत्या तर ऑन्डिनाला नेम धरायला वेळ मिळाला असता का, हेही सांगा मला.